म्हाताऱ्या घोडीची पावसाळी झूल: पावसाळा आणि हिवाळा वापरून पाहिल्यानंतर

घोडी काठियावाडी, वय पंचविशीच्या आसपास, उंची ५८ इंच. वराती बंद करून बरीच वर्षं झाली. दिवसा वावराच्या कडेच्या पडीतात मोकळी असते, रात्री कोठ्यात. आम्ही नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड-भिवापूर पट्ट्यातले. पाऊस आला की इथे तासन् तास उघडत नाही.

अलीकडे तिचं अंग उतरायला लागलं. कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस ओसरलं, खोगिराच्या पुढचा उंचवटा टोकदार झाला, पाठ खोलगट झाली. पोट मात्र तेवढंच. दाढा झिजल्याने कडबा चावत नाही, चघळलेले गोळे गव्हाणीतच टाकते. आता भिजवलेल्या कुटारावर, म्हणजे भुशावर भागवतो. घोड्याला थंडीत ऊब मिळते ती बरीचशी चाऱ्यातून, मोठ्या आतड्यात चारा आंबताना निघणाऱ्या उष्णतेतून. चारा कमी गेला की ऊबही कमी. म्हणून झूल घ्यायची ठरली. जनावर धडधाकट असतं तर घेतली नसती. अंग कोरडं आणि हिवाळी केस भरलेले असले तर निरोगी घोडा पाचेक अंशांची थंडी सहज काढतो, आणि आपल्याकडे पारा त्याच्या खाली क्वचित जातो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला ३.५ अंश झालं होतं, पण तसा हिवाळा दरवर्षी येत नाही.

काकाजींचं म्हणणं, "घोडीले रेनकोट घालतं का बे कोनी? टाक बारदान." बारदान पाणी पितं आणि जड होऊन अंगालाच चिकटतं, घोडी उघडी भिजलेली बरी. ताडपत्री पाणी आत येऊ देत नाही, पण घामही बाहेर जाऊ देत नाही. तासाभरात आत हात घातला तर ओल. कातडी अशी सतत ओली राहिली की डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू पाठीवर खपल्या धरतो आणि खपलीबरोबर केसांचे झुबके उपटून येतात. म्हाताऱ्या जनावराला ते लवकर भरून येत नाही.

शेवटी घेतली ती परदेशी पाठवायच्या मालातली उरलेली, कानपूरकडची. बाहेरचं कापड १२०० डेनियरचं, पाणी अडवणारं पण वाफ सोडणारं. आत भराव अजिबात नाही, नुसतं गुळगुळीत अस्तर. विकणारा २०० ग्रॅम (दर चौरस मीटरला) भरावाची घ्या म्हणून मागे लागला होता. ती विलायतेतल्या थंडीसाठी ठीक. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंश असतं आणि दुपारी अठ्ठावीस. सकाळी माणूस वावरात अडकला आणि झूल काढायला उशीर झाला, तर दहा वाजेपर्यंत घोडी आतून भिजलेली. डेनियर म्हणजे धाग्याची जाडी. कापड काटेरी तारेत, बाभळीत किती टिकेल हे त्यावरून कळतं. उबेशी त्याचा संबंध नाही. ६०० डेनियरची स्वस्त मिळते, पण आमच्या पडीताच्या तीन बाजूंना बाभळी आहेत.

आता माप, कारण खरी गोम इथे आहे. छातीच्या मध्यापासून खांद्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून सरळ मागे, पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत शिंप्याची टेप लावायची. आमचं आलं ७० इंच. झुली तीन-तीन इंचांच्या फरकाने येतात, म्हणजे ६९ किंवा ७२. मधलं माप आलं तर मोठं घ्या असं सहसा सांगतात. मी दोन्ही मागवल्या आणि अंगावर जुनी चादर टाकून त्यावरून घालून पाहिल्या, म्हणजे परत करायची ती स्वच्छ राहते. ७२ची लांबी छान, पण गळा ढगळ. काठियावाडीची छाती मुळात अरुंद, त्यात म्हातारपण. गळा मोठा असला की झूल चालता चालता मागे सरकते, गळ्याची कड उंचवट्याच्या मागे जाऊन बसते आणि सगळी ओढ खांद्यांवर येते. ६९चा गळा उंचवट्याच्या पुढे बसला, मागची कड शेपटीच्या मुळापर्यंत पोहोचली. तीच ठेवली.

उभ्या घोडीवर झूल बरी दिसली म्हणून भुलायचं नाही. मान खाली घालून चरताना पाहायचं. छातीचा पट्टा तेव्हा तटतटला तर ती झूल नको. उंचवट्यावर पंजा सपाट आत गेला पाहिजे, आणि खांद्याशी चुणी हवी, म्हणजे पाऊल पुढे टाकताना कापड अडत नाही. खोलगट पाठीच्या जनावराला सरळ कापाची झूल पाठीवर पुलासारखी टांगून राहते: पुढे उंचवट्यावर भार, मागे पुठ्ठ्यावर भार, मध्ये पोकळी. आमच्या झुलीला पाठीवर शिवलेल्या चिमट्या आहेत, त्यामुळे ती आकार धरते. जाहिरातीत याचा उल्लेखही नव्हता.

पोटाखालचे दोन पट्टे तिरपे, एकमेकांना छेद देणारे. पोट आणि पट्टा यांत एक आडवा पंजा मावेल एवढीच जागा. याहून सैल ठेवले तर लोळताना किंवा उठताना खूर अडकतो, आणि सांधे आखडलेली घोडी तशीही दोन-तीन झटक्यांत उठते. मागच्या पायांचे पट्टे मी काढूनच टाकले. एक तर घोडी मादी. मुतून ते पट्टे ओले होतात, वाळून कडक होतात आणि मांडीला घासतात. दुसरं म्हणजे कोठ्यात पिछाडी, म्हणजे मागच्या पायांना दोर बांधायची आमच्याकडे रीत आहे, आणि पिछाडीचा दोर व पायाचे पट्टे एका वेळी नकोतच. त्याऐवजी शेपटीखालून जाणारी दोरी ठेवली. वाऱ्याने मागची बाजू उडत नाही, तेवढं पुरतं. ज्यांना पायाचे पट्टे ठेवायचे असतील त्यांनी काढताना ते आधी सोडावेत, छातीचं बकल शेवटी. पुढचं सुटलं, पायाचे अडकलेले आणि घोडी उधळली, तर झूल पायांत येते.

पावसाळ्यात काम चोख झालं. झडीत दिवसभर बाहेर राहूनही पाठ कोरडी. फक्त छातीशी थोडं पाणी शिरतं. डांस पाठीवर बसत नाहीत हा फायदा मी धरलाच नव्हता, पोट आणि पाय मात्र उघडेच राहतात. हिवाळ्यात फक्त थंड वाऱ्याच्या रात्री घातली. घालायची की नाही हे कान चाचपून ठरवू नये. झुलीखाली खांद्यामागे हात घालायचा. कोरडं कोमट असलं तर बरोबर, दमट असलं तर लगेच काढायची. आणि रोज एकदा पूर्ण काढून खरारा. झुलीखाली बरगड्या वर आलेल्या डोळ्यांना दिसत नाहीत, हातालाच लागतात.

तक्रार आहे ती उंचवट्यापाशी लावलेल्या लोकरी अस्तराची. दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की कुसळं त्यात रुततात, झटकून निघत नाहीत आणि बरोबर नाजूक जागेवर टोचतात. उमरेडला बॅगा शिवणाऱ्याकडून लोकर काढून तिथे गुळगुळीत कापड लावून घेतलं. खांद्यावरचे केस थोडे विरळ झाले होते, ते त्यानंतर भरले. पोटाच्या एका पट्ट्याचं इलॅस्टिकही ढिलं पडलं. तेही त्यानेच बदललं.

धुताना कपड्यांची पावडर नको, पाणी अडवणारा थर जातो. चिखल वाळू द्यायचा, ब्रशने झाडायचा, मग साधं गार पाणी. वाळवायची सावलीत. उन्हाळ्यात कोठ्याच्या माळ्यावर ठेवू नका, उंदीर अस्तर कुरतडतात. मी पत्र्याच्या पेटीत ठेवतो.

तुमचा घोडा म्हातारा असून मे महिन्यातही लांब कुरळे केस गाळत नसेल, पाणी फार पीत असेल, तर झुलीच्या आधी पशुवैद्यकाला दाखवा. ते पिट्यूटरी ग्रंथीच्या आजाराचं लक्षण असू शकतं, आणि अशा घोड्याला आपल्या हवेत झुलीपेक्षा केस कापण्याचीच गरज जास्त असते. आमची घोडी होळीपर्यंत केस गाळून मोकळी होते. जूनच्या आधी पुन्हा टेप लावणार आहे. उंचवटा आणखी वर आलेला दिसतोय, आणि तसं असेल तर ६९चा हा गळाही बदलून घ्यावा लागेल.