पुंगळी कापायचं यंत्र

आर्वीकडे आमचं सात एकर वावर आहे, एका अंगाने जंगलाला लागून. हरभरा घाट्यावर आला की रात्री डुकरं उतरतात आणि सकाळी धुऱ्यावर उभं राहवत नाही. बाबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची दुनळी होती. ते गेल्यावर रीतसर अर्ज करून परवाना माझ्या नावावर झाला. काडतुसं आणायला नागपूर गाठावं लागतं. दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद परवान्यावर करतो, वर्षाला किती घ्यायची तेही ठरलेलं असतं. बाबा उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या डालड्याच्या डब्यात जपून ठेवायचे. तो डबा अजून माळ्यावर होता.

मागच्या हिवाळ्यात शेतीच्या एका ग्रुपवर व्हिडिओ आला. एक माणूस हातात मावेल एवढं यंत्र फिरवतोय, पितळेच्या पुंगळीच्या तोंडावरून बारीक कीस गळतोय. खाली लिहिलेलं, पुंगळ्या फेकू नका, घरीच कापून पुन्हा भरा, खर्च निम्मा. मला डालड्याचा डबा आठवला. मी फोन केला.

समोरचा आपल्याकडच्याच बोलीत बोलला. "परवाना हाये न भाऊ तुमच्याकडं? मंग कायची भीती? परवान्यातच बसते हे." बंदूक कोणती, काडतूस कोणतं, काही विचारलं नाही. परवान्याचा फोटो मात्र मागितला, बिल त्याच नावावर करायचं म्हणून. मी पाठवला. यंत्राचे ३,८०० भरले, दोन दिवसांनी 'परवानगी शुल्क' म्हणून २,५०० आणखी मागितले, तेही भरले. पावती आली नाही.

पार्सल आलं. यंत्र खरं होतं, पण बाबांची एकही पुंगळी त्यात बसेना. बसणारच नव्हती. का, ते मला नंतर नागपूरच्या दुकानदारकाकांनी समजावलं. असं यंत्र रायफलच्या पितळी पुंगळीसाठी असतं. रायफलची गोळी सुटताना आतल्या दाबाने पितळ पुढे ताणलं जातं. ती पुंगळी पुन्हा साच्यातून काढून वापरली की तिची मान, म्हणजे गोळी धरणारं तोंडाकडचं टोक, आणखी लांबते. लांबी हद्दीबाहेर गेली तर मान चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, टोकाला अडकते, गोळीवर आवळली जाते आणि दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. म्हणून परदेशातले नेमबाज ती मापात कापतात. माझ्या यंत्राच्या दांडीवर ३०८ कोरलं होतं, ते एका रायफलच्या काडतुसाचं नाव. त्या काडतुसाच्या पुंगळीची लांबी ५१.१८ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नसते, इतकं ते बारकाईचं काम. आमची बारा बोअरची पुंगळी प्लॅस्टिकची, फक्त बुडाला धातूची टोपी, आणि तोंड दुमडून बंद केलेलं. बार झाला की ती दुमड उघडते. तिथे पितळ ताणलं जायचा प्रश्नच येत नाही.

पण काकांकडे मी गेलो ते फार उशिरा. आधी मी त्या माणसालाच फोन लावला, पैसे परत मागितले. त्याचा सूरच बदलला, 'तुमी'चा 'तू' झाला. "काडतूस बनवायची मशीन मागवली तू. तुया परवाना हाये माह्याजवळ, गाव हाये, ठाणं हाये. पाठवू काय ठाण्यात?" मी त्याच रात्री १५,००० भरले. हरभऱ्याच्या फवारणीसाठी ठेवलेले होते. आठवडाभर घरात कोणाला बोललो नाही. जागलीला गेलो की बंदुकीकडे पाहवत नसे.

हे सविस्तर लिहितो कारण त्याची धमकी पूर्ण खोटी नव्हती. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. बनवायचा परवाना वेगळा असतो, त्याशिवाय बनवणं कलम ५ प्रमाणे गुन्हा आहे आणि शिक्षा मोठी आहे. शेतकऱ्याचा परवाना बंदूक बाळगायचा, काडतुसं विकत घ्यायचा. घरी भरायचा नाही. त्या माणसाला हे पक्कं माहीत होतं. ज्याची तक्रार करायला माणूस घाबरेल अशीच वस्तू त्याने निवडली होती.

शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "वकिलाले विचारा आधी, मंग भ्या." दुसऱ्या दिवशी वकील साहेबांना घेऊन ठाण्यात गेलो. यंत्र, पार्सलचं खोकं, फोनमधले सगळे मेसेज ठाणेदार साहेबांपुढे ठेवले. मी काहीही भरलेलं नव्हतं, स्वतःहून यंत्र आणून दिलं होतं, याची नोंद झाली. त्यांनी मलाच विचारलं, "पैसे गेले त्याच रात्री १९३० ला फोन का नाही केला?" तो नंबर सायबर फसवणुकीचा. लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची आशा असते. माझे आठ दिवस भीतीत गेले होते आणि खातं रिकामं झालं होतं.

आमच्या भागात पीकसंरक्षणाचे परवाने बऱ्याच घरांत आहेत, बहुतेक वडीलधाऱ्यांच्या नावावर. त्यांना हे वाचून दाखवा. असा फोन आला आणि बंदूक कोणती हे न विचारता परवान्याचा फोटो मागितला, तर तिथेच फोन ठेवा. पैसे भरून बसला असाल, धमकी येत असेल, तरी आणखी भरू नका. वकिलाला सोबत घ्या आणि ठाण्यात जा. मला तिथे कोणी आरोपी म्हणून बसवलं नाही.

२१,३०० रुपये अजून परत आलेले नाहीत. तो नंबर बंद आहे. माझ्या परवान्याचा फोटो त्याच्याकडेच आहे.