जुना मिनी ट्रॅक्टर: दुसरी गाडी खोलून उभा करायचा, की नवे पार्ट टाकून?

द्राक्षबागेत दोन ओळींत ९ फूट जागा, वर वाय आकाराच्या खांबांवर ताणलेली तार आणि मागे ब्लोअर, म्हणजे औषध फवारणारा पंखा. तिथं मोठ्या ट्रॅक्टरचं काम नाही. म्हणून तासगावकडे काय किंवा निफाड-दिंडोरीकडे काय, १५-२० वर्षांचे मिनी ट्रॅक्टर अजून रोज राबताहेत. असा ट्रॅक्टर एक दिवस मोठं काम काढतो आणि घरात एकच विषय सुरू होतो: त्याच मॉडेलची बंद पडलेली गाडी पार्टसाठी घ्यायची, की दुकानातून नवे पार्ट आणायचे? मी दोन्ही करून पाहिलंय. माझं मत स्पष्ट आहे. ओतीव लोखंड दुसऱ्या गाडीचं चालतं, झिजणारा माल मात्र नवाच हवा.

आमच्या १८ एचपीच्या गाडीचं क्लच हाऊसिंग, म्हणजे क्लचवरचं ओतीव लोखंडी आवरण, तडकलं. बोल्ट सैल झाले होते आणि ते वेळेवर आवळले गेले नाहीत. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरची छाटणी, तोंडावर आलेली. नवं हाऊसिंग ऑर्डर देऊन मागवावं लागणार होतं आणि कधी येईल ते कुणी सांगेना. छाटणीनंतर पाऊस पडला की डाऊनी हा बुरशीचा रोग थांबत नाही. तेव्हा ब्लोअर दोन दिवस उभा राहिला तरी बाग हातची जाते. शेवटी इंजिन गेलेली, पण बाकी अंग धड असलेली त्याच मॉडेलची गाडी मिळाली. नव्या हाऊसिंगच्या दुपटीच्या आसपास पैशात गिअरबॉक्स, लिफ्ट (मागची अवजारं उचलणारी), स्टिअरिंग बॉक्स आणि मागची दोन्ही चाकं अशी सगळी गाडीच दारात आली. पार्टसाठी गाडी घेण्याची खरी गंमत इथंच आहे. हाऊसिंग, एक्सल, लिफ्टचं कव्हर, मडगार्ड हे नवे घ्यायला महाग आणि मिळायला अवघड. एरवी ते सहसा झिजतही नाहीत.

पण ते न तुटलेलं आहे हे तिथंच तपासायचं. आमच्या मिस्त्रींनी विकणाऱ्याच्या अंगणात हाऊसिंग आणि लिफ्टचं कव्हर घासून स्वच्छ केलं, त्यांवर रॉकेल फिरवलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. पाच-दहा मिनिटांत लिफ्टच्या कव्हरवर केसासारखी काळी रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल खडूतून बाहेर आलं होतं. हाऊसिंग मात्र कोरडं राहिलं. त्या रेघेमुळे भावही खाली आला. नंतर गिअरचं ऑइल काढून बघा: तळाला चांदीसारखी चकाकणारी पूड असेल तर आत दाते खाल्ले गेलेत, ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि लिफ्टला एकच ऑइल असतं, त्यामुळे ही एक तपासणी दोन्हीची खबर देते.

आता नवे पार्ट कुठं जिंकतात ते. बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेट, लायनर-पिस्टन, गॅस्केट यातलं काहीही दुसऱ्या गाडीचं घालू नका. ‘फिरतंय छान’ म्हणून मी त्या गाडीची दोन बेअरिंग वापरली आणि दोन महिन्यांत गाडी पुन्हा मधून फोडावी, म्हणजे दोन भागांत वेगळी करावी लागली. बेअरिंगची किंमत किरकोळ, मजुरी मात्र दोनदा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि त्याच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा या मालात काटकसर करण्याचं कारण आणखी कमी झालं.

मधला प्रकार जोडीच्या मालाचा आहे आणि बहुतेक जण तिथंच फसतात. मागच्या एक्सलला ताकद देणारे क्राऊन आणि पिनियन हे दोन गिअर कारखान्यात एकमेकांवर चालवून जुळवलेले असतात. बऱ्याचदा दोघांवर एकच जोडीचा नंबर कोरलेला दिसतो. घ्यायचे तर दोन्ही घ्यावेत आणि बसवताना शिम (पातळ चकत्या) लावून दात्यांमधला खेळ पुन्हा जुळवून घ्यावा. एकाचा पिनियन आणि दुसऱ्याचा क्राऊन लावला की गाडी पहिल्याच दिवशी ओरडायला लागते. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप यांचंही तसंच. क्रँक घ्याल तर आधी मोजून घ्या. तो ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर घासलेला असेल तर त्याच मापाचे बेअरिंग शेल लागतात. आपले जुने शेल चालत नाहीत. डिझेल पंप जुना चालेल, पण पंपवाल्याकडे कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलचं माप जुळवून घेणं, करूनच.

आणि मॉडेल म्हणजे मॉडेलच. नाव आणि रंग बघून गाडी घेऊ नका. मित्सुबिशीच्या सहकार्याने आलेला व्हीएसटीचा १८० डी तीन सिलिंडरचा, त्याच घरचा २७० चार सिलिंडरचा. महिंद्राचा युवराज २१५ तर १५ एचपीचा, एका सिलिंडरचा. फोर व्हीलमध्ये, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाणाऱ्या गाडीत, आणखी जपा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित, साधारण १ ते ५ टक्के, जास्त पळतील असं गुणोत्तर ठेवलेलं असतं. वेगळ्या गुणोत्तराचा पुढचा एक्सल किंवा वेगळ्या मापाचे टायर बसवले, तर कडक जमिनीवर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि शेवटी गिअर तुटतो. घेण्याआधी आपल्या जुन्या पार्टवरचा नंबर लिहून न्या, दाते मोजा, स्प्लाईन (शाफ्टवरच्या खाचा) मोजा.

वेळेचं गणित वेगळंच आहे. दुसरी गाडी खोलायची, धुवायची, तपासायची, मग आपली बांधायची, म्हणजे काम दुप्पट. ऑक्टोबर ते काढणी या काळात एकच गिअर किंवा शाफ्ट गेला असेल आणि तो दुकानात मिळत असेल, तर मी विचार न करता नवा टाकेन. गाडी घेऊन खोलायचं काम खरड छाटणीनंतर (काढणी झाल्यावरची उन्हाळी छाटणी), फवारण्या थोड्या कमी असताना काढावं. इंजिन, गिअरबॉक्स आणि लिफ्ट तिन्ही एकदम गेली असतील, तर मात्र महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर नव्या ट्रॅक्टरच्या अनुदानाचा अर्ज आधी भरा आणि मगच जुन्यावर खर्चाचं बोला.

कागदाचं एक काम लोक विसरतात. पार्ट बदलले तर प्रश्न नाही, पण दुसऱ्या गाडीचं अख्खं इंजिन बसवलं तर इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे आरटीओची परवानगी घेऊन तो आरसी बुकावर चढवावा लागतो. विकत घेतलेल्या गाडीचं आरसी आणि विक्रीचा सहीचा कागद घेतल्याशिवाय ती टेम्पोत चढवू नका. चोरीची निघाली तर तिचं इंजिन तुमच्या ट्रॅक्टरमध्ये असतं. पार्टसाठी घेतलेल्या आमच्या गाडीची उरलेली चाकं आणि स्टिअरिंग बॉक्स ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून शेडमध्ये ठेवलेत, प्रत्येकाला मॉडेल लिहिलेली चिठ्ठी बांधून. स्टिअरिंग बॉक्ससाठी शेजारच्या गावातून दोघं येऊन गेले आहेत.