ऑस्टर ऑटोक्रॅट : आठ महिने उडवल्यानंतर

मार्चमध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमधल्या १९४६ च्या एका ऑस्टर ऑटोक्रॅट या छोट्या विमानात वाटा घेतला. पाच जण मिळून ते सांभाळतो. याच परगण्यातल्या रिअर्सबीच्या कारखान्यात ते घडलं. युद्धात तोफांचा मारा कुठे पडतोय ते वरून बघायला तिथली ऑस्टर विमानं जात (पुढे आपल्या तोफखान्याकडेही ती होती), त्यांचंच हे हौशी वैमानिकांसाठीचं भावंड. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ताणलेलं कापड, तीन आसनं.

मी सेसनावर शिकलो. तिथं पाय नुसते टेकवून ठेवले तरी निभायचं. इथं हातातला दांडा डावीकडे कलवला आणि पायांनी रडर (शेपटीवरचं सुकाणू) द्यायचं राहिलं, की नाक आधी उजवीकडेच जातं. पहिले दहा तास शिक्षकांचं एकच पालुपद होतं, "पाय कुठायत?" आता पाय आपसूक हलतात, आणि मला वाटतं उडवायला मी खरा आत्ता शिकलो.

१०० अश्वशक्तीचं सिरस मायनर इंजिन उलटं बसवलेलं आहे, सिलिंडर खाली. रात्रभरात तेल झिरपून त्यांत साचतं. म्हणून मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रं) बंद आहेत ना ते दोनदा बघून प्रोपेलर हातानं सावकाश फिरवायचा. कुठे अडला तर जोर अजिबात लावायचा नाही; प्लग काढून तेल सांडू द्यायचं, नाहीतर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मे महिन्यात एका सकाळी तो असा अडला होता. तळहाताला ते घट्टपण आधी जाणवलं, म्हणून इंजिन वाचलं.

चाकांना धक्के झेलायला रबरी दोर आहेत. वेग जरा जास्त ठेवून टेकलात की विमान चेंडूसारखं उसळतं. जूनमध्ये मी दोनदा उसळलो आणि थ्रॉटल पूर्ण उघडून परत वर गेलो. टाचेनं दाबायचे ब्रेक कमजोर आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका.

वेग ताशी ८५-९० मैल. समोरून वारा असला की खाली एम-वन महामार्गावरच्या गाड्या बरोबरीनं चालतात. पण छताच्या काचेतून वळणाच्या आतली बाजू स्वच्छ दिसते. साताऱ्याहून आलेली आई मागच्या आसनावर तासभर बसली, आणि उतरल्यावर म्हणाली, "शेतं किती जवळून दिसली रे!"

घेणार असाल तर आधी पंखातल्या लाकडी तुळया आणि कापडाचं वय तपासा, इंजिन नंतर.