कॅमसाइट्स: पैसे कापायची पद्धत बघा, बाकी सगळं त्यावरून कळतं

लाइव्ह कॅमसाइट्स, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मॉडेलला पैसे देऊन बघता-बोलता येतं अशा प्रौढांच्या साइट्स, यांबद्दल मराठीत काही शोधायला गेलं तर दोनच गोष्टी हाती लागतात. एक ‘तरुण पिढी बिघडली’ छापाचे लेख, दुसरं टेलिग्रामवरच्या फसव्या जाहिराती. ग्राहक म्हणून काय मिळतं, किती जातात आणि गेलेले पैसे कुठे पोचतात, हे कोणी लिहीत नाही. मी मूळचा सांगलीकडचा, नोकरी जर्मनीत, चाळिशी ओलांडलेली, घरात एकटा. लाइव्हजस्मिन, स्ट्रिपचॅट आणि चॅटरबेट या तीन साइट्सवर बरेच महिने पैसे भरून खाती चालवली, बाकीच्या अधूनमधून पाहिल्या. चावट वर्णन वाचायला आला असाल तर इथूनच परत फिरा, ते पुढे नाही.

चित्राचा दर्जा, मांडणी, ॲपचा वेग यांत आता फारसा फरक उरलेला नाही. सगळीकडे एचडी आहे, सगळीकडे उजेड चांगला आहे. फरक पडतो तो साइट तुमच्याकडून पैसे कसे काढते यात. मिनिटावर की टिपेवर, एवढ्या एका गोष्टीवरून समोरच्या बाईचं वागणं ठरतं, आणि तुमचंही.

लाइव्हजस्मिन मिनिटावर चालते. २००१ साली ग्यॉर्गी गत्यान या हंगेरियन माणसाने ती सुरू केली, पुढे मुख्य कारभार लक्झेंबर्गला गेला, आता मागची कंपनी बायबॉर्ग या नावाने ओळखली जाते. गत्यान हंगेरीच्या बड्या धनिकांपैकी एक. २०२२च्या निवडणुकीत त्यांनी स्वतःचा पक्षही उतरवला होता, मतं पडली जेमतेम एक टक्का. असो. या साइटवर फुकटच्या भागात सगळं कपड्यांत असतं. बोलायचं, आवडलं तर प्रायव्हेटमध्ये, म्हणजे दोघांच्याच खोलीत जायचं, आणि तिथे मॉडेलने ठरवलेल्या दराने मिनिटामिनिटाला क्रेडिट, म्हणजे आधी विकत घेतलेली शिल्लक, कापले जातात. रिक्षात बसून मीटरकडे बघत प्रवास करावा तसं होतं. बाहेरचं काही दिसत नाही, फक्त आकडा पळताना दिसतो.

याचा परिणाम बघण्यासारखा आहे. प्रायव्हेटमध्ये तुम्ही जितका वेळ थांबाल तितकी तिची कमाई, त्यामुळे ती घाई करत नाही. नाव विचारते, काम काय करतोस विचारते, मागच्या वेळचं लक्षात ठेवते. घाई असते ती ग्राहकाला. फुकटच्या भागात मात्र बरोबर उलटं. तिथे तिसरं वाक्य ‘प्रायव्हेटमध्ये येतोस का’ हेच असतं, कारण बाहेरच्या गप्पांचे तिला काहीच मिळत नाहीत. म्हणजे फुकट बोलणं पोकळ आणि विकत घेतलेलं बोलणं खरंच मन लावून केलेलं. शांतपणे एकाच माणसाशी बोलायचं असेल, इंग्रजी बऱ्यापैकी असेल आणि खिसा भक्कम असेल, तर ही साइट. माझ्या मते तिन्हींत महाग हीच.

चॅटरबेट आणि स्ट्रिपचॅट यांचा हिशेब वेगळा. चॅटरबेट २०११ची, मूळची कॅलिफोर्नियाची, पण युरोपात तिचा वापर प्रचंड. स्ट्रिपचॅट २०१६ची, कारभार सायप्रसमधून. दोन्हीकडे खोली सगळ्यांना उघडी. हजार लोक बघत असतात, त्यातले पाचसात जण टोकन, म्हणजे साइटकडून विकत घेतलेली नाणी, टिप म्हणून टाकतात, आणि त्या पाचसातांच्या जिवावर बाकीचे फुकट बसतात. वर एक आकडा असतो: इतकी टोकनं जमली की अमुक होईल. शेजारी टिप मेनू: गाण्याची फर्माईश इतकी, नाव फळ्यावर लिहून दाखवणं इतकी. टिप पडली की चालणारी रिमोटवाली उपकरणं आल्यापासून तर पैशाचा आणि प्रतिसादाचा संबंध अक्षरशः सेकंदावर आला.

इथे बाईला हजार माणसांशी एकदम बोलावं लागतं. त्यामुळे ती विनोद करते, भांडते, जेवताना कॅमेरा चालू ठेवते, मांजर उचलून दाखवते. काही खोल्यांत तेच तेच वीसएक लोक रोज येतात, एकमेकांना ओळखतात, त्यातल्याच एखाद्याला तिने मॉडरेटर केलेलं असतं आणि तो फुकटात रात्रभर शिवीगाळ करणाऱ्यांना हाकलत बसतो. पोलंडचा ट्रकवाला, कॅनडातला निवृत्त मास्तर, मी. निव्वळ सोबत म्हणाल तर मला ती इथे जास्त मिळाली, आणि बहुतेक वेळा पैसे न देता. पण टिपेवर चालणाऱ्या खोलीचा एक दुर्गुण आहे: बघणारे पुरुष एकमेकांशी स्पर्धा करायला लागतात. स्ट्रिपचॅटवर सर्वांत जास्त टाकणाऱ्याला खोलीचा ‘किंग’ म्हणतात आणि तो किताब दुसऱ्याने हिसकावून घ्यायची सोय आहे. रात्री दोन वाजता दोन अनोळखी पुरुष या पदासाठी शेकडो युरो उडवताना मी पाहिलेत. कॅमेऱ्यासमोरची बाई तेव्हा हसून शांत बसलेली असते, तिला काहीच करायचं नसतं.

आता टोकनाचं गणित. चॅटरबेटवर १०० टोकनं साधारण ११ डॉलरला पडतात, हजार टोकनांचं पाकीट घेतलं तर दर टोकनाला आठ सेंटच्या आसपास येतो. मॉडेलला मात्र एका टोकनामागे ५ सेंट मिळतात. स्ट्रिपचॅटवरही तेच ५ सेंट. म्हणजे तुम्ही लहान पाकिटं घेत असाल तर निम्म्याहून जास्त रक्कम साइटच्या खिशात. तिला पोचणारा आकडा तेवढाच राहतो. मोठ्या पाकिटाची सवलत साइट स्वतःच्या वाट्यातून देते. त्यामुळे कोणाला मदत व्हावी अशी इच्छा असेल तर मोठं पाकीट घ्या, त्याच पैशात तिला जास्त जातं. तुलनेला, चाहत्यांकडून वर्गणी घेऊन फोटो-व्हिडिओ दाखवणारी ओन्लीफॅन्स २० टक्के ठेवते, पण तिथला मामला वेगळा. तिथे बऱ्याच मोठ्या खात्यांमागे एजन्सी असते आणि बाईच्या नावाने उत्तरं देणारा भलताच कोणीतरी पगारी माणूस असतो, हे आता जगजाहीर आहे. लाइव्हचा फायदा हाच की समोर हलताना दिसते ती निदान तीच असते.

साइटचा वाटा गेल्यावर उरलेलं सगळं बाईचं, असंही नाही. युरोपातल्या या धंद्याचा मोठा भाग रोमानियात आहे. वेगवान इंटरनेट, चांगलं इंग्रजी, कमी पगार, असं सगळं एकत्र आलं आणि बुखारेस्टपासून छोट्या शहरांपर्यंत स्टुडिओ उभे राहिले. तिथे याला सरळ ‘व्हिडिओचॅट’ म्हणतात आणि नोकरीच्या जाहिरातीही त्या नावाने निघतात. स्टुडिओ खोली देतो, पलंग, दिवे, कॅमेरा, कॉम्प्युटर, शिकवणारा माणूस देतो, आणि साइटकडून आलेल्या रकमेतला मोठा हिस्सा ठेवून घेतो, कित्येक ठिकाणी निम्मा. अमेरिकन ग्राहक रात्री नऊला बसतो तेव्हा बुखारेस्टमध्ये पहाटेचे चार वाजलेले असतात, म्हणून खरी कमाई रात्रपाळीत. एकसारख्या पडद्यांच्या, एकसारख्या गुलाबी दिव्यांच्या खोल्या दिसल्या की तो स्टुडिओ समजायचा. मागे पुस्तकांचं कपाट, इस्त्रीचं टेबल, वाळत घातलेले कपडे दिसले की घर. मी घरच्या खोल्यांतच जातो. स्टुडिओतली प्रत्येक बाई नाइलाजाने बसलीय असं म्हणणं नाही, कित्येक जणी दिवे आणि तांत्रिक कटकट नको म्हणून स्वखुशीने जातात. पण दाराबाहेर कोण उभं आहे हे मला कॅमेऱ्यातून दिसत नाही, आणि माझ्यापुरतं तेवढं कारण पुरे आहे.

नवीन साइटची जाहिरात पाहून भुलू नका, हाही एक सल्ला. बऱ्याच ‘वेगळ्या’ साइट्स म्हणजे जुन्याच खोल्यांवर लावलेली नवी पाटी असते. एक्सहॅमस्टरलाइव्ह उघडली तर आत स्ट्रिपचॅटच्याच खोल्या दिसतील. जर्कमेट म्हणजे मागे स्ट्रीमेट. खरंच वेगळं काही हवं असेल तर भाषेच्या साइट्स बघा: जर्मनमध्ये व्हिजिट-एक्स, डचमध्ये इसलाइव्ह, पोलिशमध्ये शोअप. जर्मनमध्ये गप्पा मारायला मिळतात म्हणून मी व्हिजिट-एक्सवर काही दिवस रमलो होतो. ऑफिसातलं जर्मन आणि तिथलं जर्मन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एवढं सांगतो.

कर हा विषय कंटाळवाणा, पण यात मजा आहे. एका डच व्यावसायिकाने फिलिपिन्समधल्या मॉडेल्सचे वेबकॅम कार्यक्रम नेदरलँड्समधून दाखवले, त्यावर व्हॅट कुठला हा वाद थेट युरोपियन न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी गंभीरपणे निकाल दिला की ही ‘करमणूक’ आहे. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ओन्लीफॅन्सला सांगितलं की व्हॅट तुमच्या २० टक्क्यांवर नाही, चाहत्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर लागेल. आणि २०२५ पासून ऑनलाइन दाखवलेल्या कार्यक्रमांना ग्राहक राहतो तिथला दर, म्हणजे जर्मनीत १९ टक्के, हंगेरीत २७. टोकन घेताना शेवटच्या पानावर रक्कम फुगलेली दिसली तर कारण बहुधा हेच.

कायदे सध्या इतक्या वेगाने बदलताहेत की देश बदलला की अनुभवच बदलतो. स्वीडनमध्ये १ जुलै २०२५ पासून पैसे देऊन कॅमेऱ्यासमोर लैंगिक काही करायला लावणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हेगार ठरतो तो पैसे देणारा. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ विकत घेतला तर चालतो. त्यामुळे स्टॉकहोमला राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा लेख केवळ माहितीसाठी वाचावा. ब्रिटनमध्ये त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून वयाची खरी पडताळणी लागते, ‘होय, मी १८ वर्षांचा आहे’ या बटणाने भागत नाही. युरोपियन कमिशनने २०२३च्या डिसेंबरमध्ये स्ट्रिपचॅटला जास्त कडक नियम लागणाऱ्या अतिमोठ्या प्लॅटफॉर्मच्या यादीत घातलं होतं. मे २०२५ मध्ये मुलांच्या संरक्षणावरून तिच्यावर चौकशी लावली आणि त्याच दिवशी, युरोपातले वापरणारे महिन्याला साडेचार कोटींच्या खाली आले म्हणून, त्या यादीतून बाहेरही काढलं. वयपडताळणीला माझा विरोध नाही. मात्र पासपोर्टचा फोटो थेट कॅमसाइटला द्यायला माझा हात धजावत नाही. वय तपासणारी कंपनी वेगळी असेल आणि साइटला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच कळणार असेल तरच मी पुढे जातो.

भीतीचं कारणही आहे. २०२० मध्ये कॅम४ या कॅमसाइटचा एक सर्व्हर कुलूप न लावता उघडा सापडला, त्यात सुमारे १०.८८ अब्ज नोंदी होत्या, नावं, ईमेल, चॅटसकट. म्हणून माझे नियम: वेगळा ईमेल, ठरावीक रकमेचं व्हर्च्युअल कार्ड, आणि माझा कॅमेरा कायम बंद. ‘तूही दाखव’ या आग्रहाला नम्र नकार. ‘साइट सोड, व्हॉट्सॲपवर ये’ म्हणणाऱ्या खात्याला तर लगेच ब्लॉक. पुण्यामुंबईच्या बातम्यांत जे सेक्सटॉर्शन, म्हणजे नको त्या व्हिडिओची धमकी देऊन पैसे उकळणं, येतं त्याची सुरुवात अशाच निमंत्रणाने होते. कार्डाच्या हिशेबात साइटचं नाव बहुधा येत नाही, एपॉक किंवा सेगपे असं मधल्या कंपनीचं येतं. एका साइटने माझे एकाच पाकिटाचे दोनदा पैसे कापले होते. साइटच्या मदतकेंद्राने आठवडाभर साचेबंद उत्तरं दिली, मधल्या कंपनीला लिहिलं तर दोन दिवसांत परत आले. तिथेच आधी लिहा.

मॉडेल्सचा धोका आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, हे इथे बोलायलाच हवं. उघड्या खोल्या बॉट लावून रेकॉर्ड केल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच साइटवर दिसतात. त्यांच्या हातात एक उपाय असतो, स्वतःचा देश ब्लॉक करणं. कित्येक रोमानियन बायकांच्या खोल्या रोमानियातून उघडतच नाहीत. भाऊ, शेजारी, जुना वर्गमित्र यांच्यापासून तेवढाच आडोसा, तोही व्हीपीएन वापरणाऱ्यापुढे टिकत नाही.

स्ट्रिपचॅटवर भारतीय खोल्यांचा वेगळा विभाग आहे आणि हिंदीच्या मध्येच मराठी शब्द कानावर पडतात. मी तिथे जात नाही. जर्मनीत बसून टोकन टाकणं मला कायद्याने मोकळं आहे. तिकडे मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तो तिला. पुन्हा त्या खोल्यांतले आपलेच बांधव ज्या भाषेत लिहितात, ते वाचून पाच मिनिटांत बाहेर पडावंसं वाटतं.

आता माझं चालू खातं एकच, टिपेवरच्या साइटचं. मिनिटावरचं बंद केलं, कारण तिथलं बोलणं चांगलं असलं तरी आकड्याकडे लक्ष न देता मला ते ऐकता येईना. ज्यांना येतं त्यांच्यासाठी ती साइट उत्तम आहे, हे पुन्हा सांगतो. बंद करायच्या आधी उरलेले क्रेडिट मात्र खर्चून टाका, ते सहसा परत मिळत नाहीत; आणि खातं ‘डिॲक्टिव्हेट’ करून थांबू नका. युरोपात राहत असाल तर जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याखाली माहिती पुसून टाकण्याची लेखी मागणी करा आणि उत्तर आल्याशिवाय तो वेगळा ईमेल मोडू नका.