कॅम्पर व्हॅनच्या नावाखाली १०,०५,००० रुपयांचा गंडा

जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) मिळवून देतो, तिचीच कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून देतो आणि कागदपत्रेही आम्हीच पाहतो, असे सांगणाऱ्या एका गॅरेजवाल्याने माझे १०,०५,००० रुपये पाण्यात घातले. हा हिशेब ढोबळ नाही. व्हॅनचे ४,४०,०००, आतील कामाचे ५,२०,००० आणि ‘आरटीओचे काम’ म्हणून रोख घेतलेले ४५,००० रुपये. या शेवटच्या रकमेची पावती त्याने दिली नाही, आणि पुढे ज्या ज्या टेबलासमोर उभा राहिलो तिथे पहिला प्रश्न नेमका त्या पावतीचाच निघाला.

मी सीमाभागात राहतो आणि गॅरेज सीमेपलीकडे, महाराष्ट्रात आहे. चोर्ल्याने गोव्यात उतरावे, आंबोलीला मुक्काम करावा, दांडेलीच्या बाजूला दोन रात्री काढाव्यात, एवढाच निवृत्तीनंतरचा बेत होता. गॅरेजवाला पहिल्या भेटीतच म्हणाला, “सर, तुम्ही सीमाभागातली आपली माणसं. तुम्हाला फसवून मी कुठं जाणार?” ज्यांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत मराठी कागदासाठी वाद घातले आहेत, त्यांना हे वाक्य किती आत जाऊन लागते, हे त्याला पुरते ठाऊक होते. आपुलकीची अशी भाषा ऐकू आली की आधी लेखी करार मागा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

व्हॅन एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, पूर्वी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी. खालून नवा काळा थर दिलेला होता आणि तो गंजरोधक आहे असे सांगण्यात आले. पुढे बेळगावच्या उद्यमबागेतील एका ओळखीच्या फॅब्रिकेटरने तो खरवडला, तेव्हा आतून पत्रा हाताने मोडत होता. नवा थर दिलेली जुनी गाडी लिफ्टवर चढवून, हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय घेऊ नये. जुन्या मालकाच्या कर्जाचा बँकेचा बोजाही उतरलेला नव्हता. परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर तो दिसत होता, पण ‘फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा कागद) बँकेने दिलाय, नोंद व्हायला वेळ लागतो’ हे त्याचे उत्तर अगदी पटण्यासारखे होते, कारण आपल्याकडे नोंदी खरोखरच उशिरा होतात.

मात्र ज्या क्षणी सगळे उघडे पडायला हवे होते, तो क्षण बॅटरीचा होता आणि तो आठवला की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. करारात लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी होती आणि तिच्यापोटी, सौर पॅनेल धरून, दुसऱ्या हप्त्यात १,८०,००० रुपये मोजले होते. बॅटरी आली ती सील केलेल्या लोखंडी पेटीत, वर चकचकीत लेबल लावलेली. ती पेटी गॅरेजमधील दोन पोरांनी कण्हत उचलली. अशी लिथियम बॅटरी साधारण ११ ते १३ किलोची असते. तेवढ्याच क्षमतेची लेड-अ‍ॅसिड बॅटरी तिच्या अडीच-तीन पट भरते. मी तिथेच विचारले, “एवढी जड कशी?” तो हसून म्हणाला, “सर, पेटीचं वजन आहे, सेफ्टीसाठी जाड पत्रा वापरलाय.” मी विचारले होते, हे मुद्दाम नोंदवतो, कारण ‘बघून घ्यायचे ना’ म्हणणारे पुढे पुष्कळ भेटले. पेटी फोडून पाहिली तर हमी जाईल, असे लिहिलेले असताना कोणता ग्राहक ती फोडतो? पंखा आणि छोटा फ्रिज मध्यरात्रीच बंद पडू लागले आणि झोपायच्या जागेत आम्लाचा वास येऊ लागला, तेव्हा फॅब्रिकेटरने पेटी उघडली. आत कुठल्यातरी यूपीएसमधून काढलेल्या जुन्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या. वायरिंग नव्याने करायला ३८,५०० रुपये लागले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

प्लायवूड आयएस ७१०, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या दर्जाचे ठरले होते. खानापूरच्या पहिल्याच पावसात पलंगाच्या कडा फुगल्या. गॅस खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका लागतो, तोसुद्धा नव्हता.

आता कागदांचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा कॅम्परसाठी, एआयएस १२४ हे वेगळे मानक आहे. त्या मानकाचे नाव छापलेली एक झेरॉक्स दाखवून त्याने ४५,००० उकळले. प्रत्यक्षात माझी गाडी कागदोपत्री आजही शाळेचीच आहे. आरटीओ कार्यालयात सांगितले, आधी पलीकडून फॉर्म २८, म्हणजे ना-हरकत, आणा. पलीकडे सांगितले, बोजा उतरल्याशिवाय ना-हरकत नाही. बँकेत सांगितले, कर्जदार तुम्ही नाही, तुमच्याशी बोलता येणार नाही.

पोलिसांची तऱ्हा याहून वरची. इकडच्या ठाण्यात म्हणाले, गुन्हा महाराष्ट्रात घडला, तिकडे जा, आणि तक्रार द्यायचीच असेल तर कन्नडमध्ये लिहून आणा. तिकडे अस्खलित मराठीत ऐकवले, “तुम्ही कर्नाटकातले, पैसे तुमच्या खात्यातून गेले, तिकडेच नोंदवा. शिवाय ही दिवाणी बाब आहे.” १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील प्रत पुढे ठेवून दाखवले. साहेबांनी ती प्रत न वाचता परत केली. हद्दीच्या प्रश्नावर दोन्ही राज्ये इतकी वर्षे भांडत आहेत. माझ्या तक्रारीवर मात्र दोघांनाही हद्द नको होती! जुन्या बॅटऱ्यांवर लिथियमचे लेबल चिकटवून पैसे घेणे ही दिवाणी बाब कशी, एवढे तरी लेखी द्या, अशी विनंती केली, तर लेखी देण्याची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, हे कोणी आधी सांगितले असते तर मी सीमेच्या दोन्ही बाजूंना चपला झिजवल्या नसत्या. मोबदला, म्हणजे आपण मोजलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षांची आहे, ती ठाण्याच्या पायऱ्यांवर संपवू नका. हप्ते बँकेतूनच द्या, बॅटरी स्वतः वजनकाट्यावर ठेवा, आणि गाडी आपल्या नावावर चढल्याशिवाय आतील कामाला एक रुपयाही देऊ नका.

गाडी दारात उभी आहे. विमा जुन्या मालकाच्या नावावर आहे आणि केलेल्या बदलांसह तो माझ्या नावावर करायला कंपनी तयार नाही. ५,६०,००० च्या करारातील शेवटचे ४०,००० मी अडवून ठेवले होते. आयोगाची नोटीस मिळाल्यावर गॅरेजवाल्याने वकिलामार्फत दिलेल्या उत्तरात ते ४०,००० व्याजासह मागितले आहेत.