गिटार शिकताय? पिवळं पिक घ्या

नवीन गिटार शिकणाऱ्याने कुठलं पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी चकती, घ्यावं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: डनलॉप कंपनीचं टॉर्टेक्स, पिवळं, ०.७३ मिलिमीटर. एकदम तीन-चार घ्या, कारण ती हरवतातच. घाईत असाल तर एवढ्यावर दुकानात जायला हरकत नाही.

मी मिरजेचा, म्हणजे सतारीच्या गावचा. कॉलेजात असताना थोडी सतार वाजवली होती. तिथे तारेची नखी तर्जनीत घट्ट बसवली की काम झालं. बोट दुखेल, घट्टा पडेल, पण नखी जागची हलणार नाही. गिटारला तसली सोय नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेली, तिची गिटार घरी राहिली आणि पन्नाशी उलटल्यावर मी क्लास लावला. क्लासचे सर माझ्या मुलीहून थोडेच मोठे. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "काका, कॉर्ड नंतर. आधी पिक धरायला शिका." (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन किंवा जास्त सूर.)

धरायचं ते असं. तर्जनी सैल मुडपा. तिच्या शेवटच्या पेराच्या कडेवर पिक आडवं ठेवा आणि वरून अंगठा टेकवा. पिकचं टोक अंगठ्याच्या दिशेत नको, त्याला साधारण काटकोनात बाहेर आलं पाहिजे. बाहेर किती? चार-पाच मिलिमीटर पुरे. जास्त काढलंत तर तारेत अडकतं, फारच कमी काढलंत तर नख तारेवर घासतं. दोन बोटांच्या चिमटीत समोरून धरायचा मोह सगळ्यांना होतो. तसं धरलं की मनगट ताठ होतं आणि मग सगळा हात कोपरापासून हलायला लागतो. तर्जनीच्या कडेवर धरलं की मनगट आपोआप सुटतं. उरलेली तीन बोटं मोकळी सोडा, मूठ आवळू नका.

आणि जोर? पिक पडणार नाही इतकाच. वाजवताना ते बोटांत थोडं फिरणारच, सर इतकी वर्षं वाजवतात, त्यांचंही फिरतं. फक्त ते कॉर्ड बदलता बदलता सरळ करून घेतात, आपल्याला दिसतसुद्धा नाही. खाली जाताना टोक किंचित वर कललेलं, वर येताना किंचित खाली, एवढं जमलं की तारा पिकला अडवत नाहीत. याचा सराव करायला डावा हात तारांवर नुसता पसरून ठेवा, म्हणजे सूर निघत नाही, आणि उजव्या हाताने ताल धरा. घरच्यांना 'खचक खचक' ऐकावं लागतं. ऐकतील.

आता जाडी. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पिक तारेवर सहज वाकतं, म्हणून नवख्याला बरं वाटतं. पण आवाजात फडफड येते आणि एकेक सूर वाजवायला गेलं की पिक सरळ व्हायलाच वेळ लावतं. एक मिलिमीटरच्या वर गेलात तर उलटा त्रास: तार वाकत नाही, पिक वाकत नाही, मग निसटतं ते पिक. ०.७३ दोन्हीच्या मध्ये आहे. वाकतं, पण लगेच सरळ होतं. टॉर्टेक्समध्ये जाडीला रंग ठरलेले आहेत: लाल ०.५०, नारिंगी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८, निळा १.००, जांभळा १.१४. वरचा छाप वाजवून वाजवून पुसला जातो, रंग राहतो. चष्मा न लावता डब्यातून हवं ते उचलता येतं, ही माझ्या वयाच्या माणसाला फार मोठी सोय. शिवाय याचा पृष्ठभाग खडूसारखा कोरडा असतो, गुळगुळीत नसतो. पूर्वी पिकं समुद्री कासवाच्या कवचाची करत. सत्तरच्या दशकात त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि १९८१ मध्ये पर्याय म्हणून टॉर्टेक्स आलं. त्यावर कासवाचं चित्र असतं ते म्हणूनच.

मे महिन्यात मात्र तेही घामाने सरकतं. त्यावर दोन उपाय. एक, त्याच कंपनीचं नायलॉनचं पिक, ज्याच्यावर उठावाची नक्षी असते. पण नायलॉन मऊ असतं, तिथलं ०.७३ हाताला पिवळ्यापेक्षा नरम लागतं. नुसता आकडा बघून घेऊ नका. दुसरा उपाय फुकटचा: कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने पिकच्या दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या रेघा ओरखडा. मी दुसराच करतो.

फेंडर कंपनीचं, सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचं, मध्यम जाडीचं 'मीडियम'ही माझ्याकडे आहे. आवाज जास्त खणखणीत, मला आवडतो. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, त्यामुळे जोरात घासून नाकाशी धरलं तर देवघराचा वास येतो. आणि ते पेटतंही चटकन, तेव्हा उदबत्तीपासून लांब ठेवा.

ऑनलाइन मिळणारी रंगीबेरंगी पाकिटं टाळा. मी मागवलेल्या पाकिटात एकावरही जाडी छापलेली नव्हती आणि कडांना साच्याची धार तशीच राहिली होती. जाड तारांवर नुसता खर्रर्र आवाज. नात आली की भातुकलीत वापरेल. त्यापेक्षा दुकानात जा, भिंतीवरची एखादी गिटार काढून मागा आणि सगळ्यात जाड तारेवर पिक हळू ओढून बघा. खरखर जास्त ऐकू आली तर परत ठेवा. मी पिवळ्याचे एकाला चाळीस रुपये दिले.

जॅझ थ्री नावाचं छोटं, टोकदार पिक पोरं फार नावाजतात. १.३८ मिलिमीटर जाड, एकेका सुरासाठी उत्तम, पण त्याने कॉर्ड वाजवायला हात तयार हवा. नवख्याने आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर पिकच नको, ती बोटांनी वाजवायची.

एक राहिलं. पिक गिटारच्या भोकात पडणार, हे धरून चाला. गदागदा हलवू नका. गिटार तिरकी करत पिक आतल्या आत भोकाच्या बरोबर मागे आणा, ते तिथे दिसलं की एका झटक्यात गिटार उलटी करा. सरळ मांडीवर पडतं.