कोविडनंतर दम आणि थकवा जात नाहीये? फिजिओथेरपी क्लिनिकचा माझा अनुभव

ॲडमिट व्हावं लागलं नाही, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला नाही, म्हणून नंतरचा त्रास कोणी मनावरच घेत नाही, अशा लोकांसाठी लिहितेय. कोथरूडमधलं छोटं क्लिनिक आहे, दोनच खोल्या.

मला एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत झाला. घरीच होते. ताप उतरला पण जिना चढताना दम, अंग गळून जाणं आणि बोलता बोलता साधे शब्द न आठवणं हे काही सुटेना. एका डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल बघून रोज चाला, थोडं थोडं वाढवा सांगितलं, आणि मी जोर लावून चालले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातच.

इथल्या मॅडमनी पहिल्यांदा हेच विचारलं, थकवा लगेच येतो की दुसऱ्या दिवशी? मग आडवं झोपवून नाडी बघितली, ७८. भिंतीला पाठ टेकवून दहा मिनिटं उभं केलं, दर मिनिटाला मोजत राहिल्या, ११४ पर्यंत गेली, म्हणजे नुसतं उभं राहून ३६ ने वाढली. म्हणाल्या, "ताई, हे मनाचे खेळ नाहीत, पण एवढ्यावर निदान नको, आधी फिजिशियनकडून हिमोग्लोबिन, थायरॉईड, ईसीजी करून या." स्वतःचं पॅकेज गळ्यात मारायच्या आधी हे सांगणारे किती असतात? कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाची, म्हणजे लाँग कोविडची, डब्ल्यूएचओची ऑक्टोबर २०२१ ची व्याख्याही समजावून सांगितली, आजार सुरू झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी असलेली, निदान दोन महिने टिकलेली आणि दुसरं कारण न सापडणारी लक्षणं, त्यात हॉस्पिटलमध्ये राहिलेलं असण्याची अटच नाही. मला तिथेच रडू आलं.

व्यायाम फार कमी दिले. पोटाने श्वास, आणि दमण्याआधीच थांबायचं. पोळ्या बसून लाटायच्या, अंघोळीला स्टूल घ्यायचं, पाहुणे आणि बाजार एका दिवशी नाही. घरच्यांनाही बोलावून समजावलं, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. पूर्ण बरी झालेय असं नाही म्हणणार, पण ऑफिसला पूर्ण वेळ जातेय आणि तसं आडवं पडणं क्वचित होतं.

खटकलं ते म्हणजे क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, दम लागणाऱ्या पेशंटसाठी हे बरोबर नाही, त्यांनी खरंच काहीतरी करावं. संध्याकाळी गर्दी असते, खुर्च्या कमी पडतात. सकाळची वेळ घ्या, जुने रिपोर्ट न्या, आणि पहिल्या भेटीनंतर व्हिडिओ कॉलवर फॉलोअप मिळतो तो मागून घ्या.